बोलायचा हक्क आहे, मताचा नाही: गुआम आपला प्रतिनिधी कसा निवडतं

पॅसिफिक महासागरात, फिलिपिन्सच्या पूर्वेला, गुआम नावाचं एक बेट आहे. आकारानं आपल्या बृहन्मुंबईपेक्षा थोडं लहान, आणि 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या 1,53,836. बेट अमेरिकेचं आहे आणि तिथे जन्मलेला माणूस जन्मानंच अमेरिकन नागरिक असतो. दर चार वर्षांनी नोव्हेंबरात तिथले मतदार अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी आपली पसंती मतपत्रिकेवर नोंदवतात. 1980 पासून हे चालू आहे. मतं मोजली जातात, आकडे जाहीर होतात, आणि अमेरिकेच्या निकालात त्यातलं एकही मत धरलं जात नाही. ही नुसती कलचाचणी असते.

त्याच दिवशी, त्याच केंद्रांवर आणखी एक मतदान होतं, आणि त्याचा निकाल मात्र धरला जातो. त्यातून निवडून आलेली व्यक्ती वॉशिंग्टनला जाते, काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, कनिष्ठ सभागृहात म्हणजे प्रतिनिधीगृहात शपथ घेते, इतर सदस्यांएवढाच 1,74,000 डॉलर वार्षिक पगार घेते, कार्यालय थाटते, विधेयकं मांडते, भाषणं करते. विधेयक मंजूर करायचं की नाही यावर शेवटचं मतदान सुरू झालं की मात्र तिला बघत बसावं लागतं. या पदाला तिथे डेलिगेट म्हणतात. आपण मताविना प्रतिनिधी म्हणू.

आपल्याकडे असं कुणी असतं का? असतं. महापालिकेतले स्वीकृत नगरसेवक आठवा. सभागृहात बसतात, बोलतात, पण राज्यघटनेनं त्यांना सभेत मत दिलेलं नाही. संसदेत देशाचे महान्यायवादीही दोन्ही सभागृहांत बोलू शकतात, मत देऊ शकत नाहीत. पण हे लोक नेमलेले असतात, जनतेनं निवडलेले नसतात, म्हणून त्यात कुणाला काही खटकत नाही. गुआममध्ये अख्खं बेट प्रचार करून, रांगा लावून, मतं मोजून एक माणूस निवडतं, आणि त्याच्या हाती मत नसतं. या लेखात मला हेच नीट उलगडून सांगायचं आहे. नियम वाचताना मला तो फक्त कायद्याचा बारकावा वाटला होता. तिथला इतिहास वाचत गेलो तसा त्यात माणसांची आयुष्यं गेलेली दिसली.

सुरुवात कारणापासून करू. अमेरिकेच्या राज्यघटनेत पहिल्याच कलमात म्हटलं आहे की प्रतिनिधीगृहाचे सदस्य राज्यांमधले लोक निवडतील. राज्यांमधले, हा शब्द महत्त्वाचा. अमेरिकेत 50 राज्यं आहेत आणि मताधिकार असलेल्या सगळ्या 435 जागा त्यांच्यातच वाटल्या आहेत. जो प्रदेश अमेरिकेचा आहे पण राज्य नाही, त्याला त्या 435 मध्ये जागा नाही.

मग ही मताविना खुर्ची आली कुठून? ती राज्यघटनेपेक्षाही जुनी आहे. 1787 मध्ये, घटना लागू होण्याआधीच, ओहायो नदीच्या वायव्येकडच्या प्रदेशासाठी एक कायदा झाला. तिथे वस्ती पुरेशी वाढेपर्यंत त्या प्रदेशानं काँग्रेसमध्ये एक माणूस पाठवावा, त्याला चर्चेचा हक्क असावा, मताचा नसावा, असं त्यात ठरलं. 1794 मध्ये ओहायोच्या दक्षिणेकडच्या प्रदेशातून जेम्स व्हाइट नावाचे गृहस्थ असे पहिले प्रतिनिधी म्हणून सभागृहात बसले. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले विल्यम हेन्री हॅरिसन हेही आधी याच खुर्चीत होते.

या व्यवस्थेमागचा विचार त्या काळी समंजस होता. आज तुमची वस्ती कमी आहे, उद्या वाढेल, मग तुम्ही राज्य व्हाल आणि तुम्हाला पूर्ण मत मिळेल, तोवर निदान तुमचा आवाज इथे असू दे. बहुतेक प्रदेशांच्या बाबतीत तसंच झालं. एकामागून एक प्रदेश राज्यं होत गेले. शेवटचे दोन म्हणजे अलास्का आणि हवाई, दोन्ही 1959 मध्ये. म्हणजे ही खुर्ची घराच्या उंबरठ्यासारखी होती. तिथे थोडा वेळ थांबायचं आणि मग आत यायचं.

1898 मध्ये हे गणित बदललं. स्पेनशी झालेल्या युद्धानंतर अमेरिकेकडे पोर्तो रिको, गुआम आणि फिलिपिन्स आले. इथे आधीपासून राहणारे लोक होते, त्यांच्या स्वतःच्या भाषा आणि चालीरीती होत्या. त्यांना पुढेमागे राज्य करायचं का, याबद्दल वॉशिंग्टनमध्ये एकमत नव्हतं. 1901 पासून सर्वोच्च न्यायालयानं काही निकाल दिले. या बेटांवर अमेरिकेची सत्ता आहे, पण घटना तिथे संपूर्णपणे लागू होतेच असं नाही, असं त्या निकालांचं सार. त्या निकालांची भाषा आज वाचवत नाही. परक्या वंशाचे लोक, वेगळ्या सवयी, असे शब्द त्यात आहेत. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचेच न्यायमूर्ती नील गोर्सच यांनी या निकालांना घटनेत पाया नाही असं लिहिलं. तरीही ते आजवर रद्द झालेले नाहीत. उंबरठा उंबरठाच राहिला, दार काही उघडलं नाही.

गुआमची गोष्ट तर आणखी रखडली. 1898 नंतर जवळपास पन्नास वर्षं तिथे अमेरिकन नौदलाचा अंमल होता. नौदलाचा अधिकारीच गव्हर्नर. डिसेंबर 1941 मध्ये जपाननं बेट घेतलं आणि जुलै 1944 मध्ये अमेरिकन सैन्यानं ते परत मिळवलं. मधल्या अडीच वर्षांहून जास्त काळात तिथल्या मूळच्या चामोरो लोकांनी सक्तीची मजुरी, मारहाण, उपासमार आणि हत्या सोसल्या. शेवटच्या आठवड्यांत तर हजारो लोकांना चालवत नेऊन मानेंगोनच्या छावणीत डांबलं गेलं. युद्ध संपलं आणि नौदलाचा कारभार परत सुरू झाला. 1949 मध्ये गुआमच्या निवडून आलेल्या सभेनं गव्हर्नरच्या मनमानीविरुद्ध सभात्याग केला. त्याची बातमी अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत झळकली, आणि पुढच्याच वर्षी, 1950 मध्ये, गुआमच्या लोकांना नागरिकत्व आणि नागरी सरकार मिळालं.

त्या सभेचे अध्यक्ष होते अँटोनियो वॉन पॅट. मुळात शाळामास्तर. 1964 मध्ये गुआमनं त्यांना वॉशिंग्टनमधला आपला प्रतिनिधी म्हणून निवडलं, पण तेव्हा सभागृहात गुआमची खुर्चीच नव्हती. बेटानं आपल्या खर्चानं आपला माणूस पाठवला होता. त्यांनी समित्यांचे उंबरे झिजवायचे, कुणी भेटेल त्याला गुआम कुठे आहे हे सांगायचं, असं चालायचं. 1972 मध्ये अखेर काँग्रेसनं कायदा करून गुआमला आणि कॅरिबियन समुद्रातल्या आपल्याच व्हर्जिन आयलंड्सला एकेक मताविना जागा दिली. त्या नोव्हेंबरात वॉन पॅट निवडून आले आणि जानेवारी 1973 मध्ये आत बसले. अमेरिकेनं बेट घेतलं त्याला तोवर 75 वर्षं होत आली होती.

इथे मला गोवा आठवल्याशिवाय राहत नाही. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. 1962 मध्ये डॉ. पुंडलिक गायतोंडे आणि डॉ. अँटोनियो कुलासो यांना लोकसभेवर नेमलं गेलं, आणि डिसेंबर 1963 मध्ये गोव्यानं आपले खासदार मतदानानं निवडून दिले. गोवा तेव्हा राज्य नव्हता, केंद्रशासित प्रदेश होता, राज्य तो 1987 मध्ये झाला. पण खासदारांच्या मताला पहिल्या दिवसापासून पूर्ण वजन होतं. लक्षद्वीपची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 64,473 होती, म्हणजे गुआमच्या निम्म्याहूनही कमी. तिथल्या खासदाराचं मत आणि पुण्याच्या खासदाराचं मत यात काडीचाही फरक नाही. दिल्लीला सात खासदार आहेत. आपल्या घटनेनं केंद्रशासित प्रदेशांना लोकसभेत जागा ठेवल्या म्हणून हे सहज झालं. आपल्याला ते इतकं सवयीचं झालंय की त्याची किंमत ध्यानात येत नाही.

आता प्रत्यक्ष निवडणूक. मुदत दोन वर्षांची, म्हणून प्रत्येक सम वर्षी नोव्हेंबरात मतदान. उमेदवाराचं वय किमान 25, अमेरिकेचं नागरिकत्व किमान 7 वर्षांचं आणि राहणं गुआममध्ये. त्याच वेळी दुसऱ्या कुठल्या पदासाठी उभं राहता येत नाही. सगळं बेट हा एकच मतदारसंघ. ऑगस्टमध्ये आधी पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूक होते. तिच्यात प्रत्येक पक्षाचा उमेदवार मतदारच ठरवतात. आपल्यासारखं तिकीटवाटप दिल्लीतून होत नाही. गुआमचं घड्याळ नोव्हेंबरात वॉशिंग्टनच्या 15 तास पुढे असतं. बेटावर मंगळवारची संध्याकाळ होऊन मतदान आटोपत येतं, तेव्हा राजधानीत अजून उजाडलेलंही नसतं.

एक नियम मात्र आपल्याकडच्यापेक्षा कडक आहे. आपल्या निवडणुकीत सगळ्यांत जास्त मतं ज्याला, तो जिंकला. 30 टक्क्यांवरही खासदार होता येतं. गुआमच्या या जागेसाठी निम्म्याहून जास्त मतं लागतात. तेवढी कुणालाच मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांमध्ये 14 दिवसांनी पुन्हा मतदान. 2020 मध्ये नेमकं हेच झालं. कोविडमुळे प्राथमिक निवडणूक रद्द झाली आणि सगळे उमेदवार थेट नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर आले. त्यात डेमोक्रॅटिक पक्षाचेच दोघे होते: तेव्हाचे प्रतिनिधी मायकेल सॅन निकोलस, आणि 1993 ते 2003 या काळात हीच जागा सांभाळलेले रॉबर्ट अंडरवुड. तिसरे रिपब्लिकन विल कॅस्ट्रो. मतं विभागली, बहुमत कुणालाच नाही. 17 नोव्हेंबरला बेट पुन्हा रांगेत उभं राहिलं आणि सॅन निकोलस जिंकले. अमेरिकेतली अध्यक्षपदाची धामधूम टीव्हीवर चालू होती, आणि हे लोक मताविना जागेसाठी महिन्यात दुसऱ्यांदा मत देत होते. या जागेची त्यांना किती कदर आहे ते यावरून कळतं.

मत नाही तर एवढं काय आहे त्या जागेत?

सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे समित्या. अमेरिकेत कायदा घडवण्याचं खरं काम समित्यांमध्ये होतं. कुठलं विधेयक पुढे जाणार, त्यात कुठल्या ओळी घालायच्या, कुठल्या गाळायच्या, हे तिथे ठरतं. आणि समितीत या प्रतिनिधीला पूर्ण मत आहे. तो दुरुस्त्या सुचवतो, साक्षीदारांना प्रश्न विचारतो, जुना झाला की उपसमितीचा अध्यक्षही होतो. सभागृहात तो विधेयक मांडू शकतो, त्यावर बोलू शकतो. मनुएल केझोन हे फिलिपिन्सचे 1909 ते 1916 या काळातले असेच मताविना प्रतिनिधी. फिलिपिन्सला पुढे स्वातंत्र्य देण्याचं वचन ज्या 1916 च्या कायद्यात पहिल्यांदा आलं, त्यामागे त्यांची खटपट होती. पुढे ते फिलिपिन्सचे अध्यक्ष झाले.

मग मताविना नेमकं अडतं कुठे? माझ्या मते देवाणघेवाणीत. संसदेतला सदस्य आपलं मत फक्त देत नाही, ते तो हातात धरून बोलणी करतो. माझ्या जिल्ह्यातल्या पुलाला पाठिंबा दे, मी तुझ्या शेतीच्या विधेयकाला देतो. 17 एप्रिल 1999 ला वाजपेयींचं सरकार 269 विरुद्ध 270 अशा एका मतानं पडलं. त्या दिवसांत एकेका खासदाराच्या पक्षालाही दोन्ही बाजूंचे मोठे नेते फोन करत होते, ते त्या मतासाठी. गुआमच्या प्रतिनिधीला असा फोन कधी येत नाही. त्याच्याकडे समजूत घालायची ताकद आहे, ओळखी आहेत, चिकाटी आहे. पण समोरच्याला हवं असलेलं काही त्याच्या हातात नाही.

याचा परिणाम युद्धाच्या भरपाईत दिसतो. जपानच्या ताब्यात असताना गुआमच्या लोकांनी जे सोसलं, त्याची भरपाई जपानकडून मागता येईना, कारण 1951 च्या तहात अमेरिकेनं तो हक्क सोडून दिला होता. म्हणजे भरपाई अमेरिकेनंच द्यायची. गुआमचे प्रतिनिधी ही मागणी वर्षानुवर्षं मांडत राहिले. 2002 मध्ये चौकशी आयोगाचा कायदा झाला, 2004 मध्ये आयोगाचा अहवाल आला. 2003 पासून प्रतिनिधी असलेल्या मॅडेलीन बोर्डालो यांनी विधेयक पुन्हा पुन्हा आणलं. प्रतिनिधीगृहात ते मंजूर व्हायचं आणि सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, अडायचं. सिनेटमध्ये तर गुआमचा मताविना माणूससुद्धा नाही. शेवटी डिसेंबर 2016 मध्ये, संरक्षण खर्चाच्या अवाढव्य विधेयकात एक भाग म्हणून, ते पार पडलं. बेट परत मिळालं त्याला तेव्हा 72 वर्षं उलटली होती. ज्यांनी सोसलं होतं त्यांतले कितीतरी तोवर गेले होते. आणि पैसा कुठून? गुआममधल्या संघराज्य कर्मचाऱ्यांचा आणि सैनिकांचा जो आयकर दरवर्षी बेटाच्या तिजोरीत परत येतो, त्यात पुढे होणाऱ्या वाढीतून. म्हणजे बेटाच्याच हक्काच्या पैशातून. मताधिकार असलेला एखादा सदस्य असता तर ही अट राहिली असती का, हा प्रश्न मला सोडत नाही.

सभागृहातल्या मताबद्दल एक प्रयोगही झाला. अमेरिकेचं प्रतिनिधीगृह दुरुस्त्यांवर चर्चा करताना कधीकधी स्वतःलाच एक समिती समजून बसतं. माणसं तीच, दालन तेच, फक्त नियम थोडे सैल. 1993 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या बहुमतानं ठरवलं की सभागृह असं बसेल तेव्हा मताविना प्रतिनिधींनीही मत द्यावं. रिपब्लिकन सदस्य न्यायालयात गेले. न्यायालयानं नियम टिकवला, पण त्याचं मुख्य कारण नियमातच असलेली एक अट होती: या प्रतिनिधींच्या मतांमुळेच निकाल फिरत असेल, तर लगेच त्यांना वगळून पुन्हा मतदान घ्यायचं. म्हणजे निकाल बदलत नसेल तर मत धरायचं, बदलत असेल तर धरायचं नाही. 1995 मध्ये बहुमत बदललं आणि तो हक्क गेला. 2007 मध्ये परत आला, 2011 मध्ये पुन्हा गेला, 2019 मध्ये पुन्हा आला. लाखो माणसांचा हा एवढासा हक्क कुठल्या पक्षाचं बहुमत आहे त्यावर येतो आणि जातो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

अशा जागा आज सहा आहेत. गुआम, व्हर्जिन आयलंड्स, अमेरिकन सामोआ (1981 पासून), उत्तर मारियाना बेटं (2009 पासून), राजधानी वॉशिंग्टन आणि पोर्तो रिको. पोर्तो रिकोच्या प्रतिनिधीला रेसिडेंट कमिशनर म्हणतात आणि अख्ख्या सभागृहात चार वर्षांची मुदत फक्त त्याचीच. पोर्तो रिकोत सुमारे 32 लाख लोक राहतात, कितीतरी पूर्ण राज्यांपेक्षा जास्त. अमेरिकन सामोआत जन्मलेले लोक तर आपोआप नागरिकही होत नाहीत. वॉशिंग्टनची गोष्ट वेगळी आहे. तिथले लोक संघराज्याचे सगळे कर भरतात, 1961 च्या घटनादुरुस्तीमुळे अध्यक्षाला मतही देतात, पण काँग्रेसमध्ये त्यांच्याही प्रतिनिधीला मत नाही. तिथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर 2000 सालापासून प्रतिनिधित्वाविना कर ही तक्रार लिहिलेली असते.

विरोधी बाजूचा मुद्दा खोटा नाही. घटनेत राज्य हा शब्द आहे, तो साध्या कायद्यानं ओलांडता येत नाही. त्यासाठी घटनादुरुस्ती हवी किंवा राज्याचा दर्जा. गुआममध्ये कमावलेल्या पैशावरचा आयकर वॉशिंग्टनला जात नाही, तो बेटावरच राहतो. लोकसंख्या लहान आहे. आणि गुआममध्येही सगळ्यांना राज्यच हवं आहे असं नाही. कुणाला स्वातंत्र्य हवं आहे, कुणाला अमेरिकेशी बरोबरीच्या नात्याचा करार. पण त्या बेटावर अँडरसन हवाई तळ आहे, आप्रा बंदरात नौदल आहे, तिथली मुलंमुली मोठ्या संख्येनं अमेरिकन सैन्यात जातात, आणि ज्या सेनापतीच्या, म्हणजे अध्यक्षाच्या, हुकुमावर ती लढतात त्याला निवडताना त्यांच्या घरच्यांचं मत मोजत नाहीत. आणखी एक गोष्ट बघा. न्यू जर्सीतला एखादा मराठी कुटुंबातला अमेरिकन नागरिक मुंबईला येऊन राहिला, तर तो टपालानं न्यू जर्सीत मत देऊ शकतो. तोच गुआमला राहायला गेला तर त्याचं मत जातं. अमेरिका सोडली तर मत राहतं, अमेरिकेच्याच एका भागात गेलं तर नाही.

2022 मध्ये गुआमनं रिपब्लिकन जेम्स मॉयलन यांना निवडलं. त्यांच्यासमोर डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवार होत्या ज्युडिथ वॉन पॅट, पहिल्या प्रतिनिधीची मुलगी. वडिलांच्या नावाचा विमानतळ आज बेटावर आहे. पन्नास वर्षांनी मुलगी त्याच खुर्चीसाठी उभी होती, आणि खुर्चीला तेव्हाही पूर्ण मत नव्हतं.

व्हर्जिन आयलंड्सच्या प्रतिनिधी स्टेसी प्लास्केट यांचं उदाहरण तर साऱ्या जगानं पाहिलं. जानेवारी 2021 मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर दुसऱ्यांदा महाभियोग आला. प्रतिनिधीगृहानं 13 तारखेला 232 विरुद्ध 197 मतांनी तो मंजूर केला. त्या 232 मध्ये प्लास्केट नव्हत्या, असू शकत नव्हत्या. पण फेब्रुवारीत सिनेटपुढे तो खटला चालवायला सभागृहानं जे वकील निवडले त्यांत त्या होत्या. मताविना प्रतिनिधीला हे काम मिळण्याची ती पहिलीच वेळ. त्या चमूचे प्रमुख जेमी रास्किन हे एकेकाळचे त्यांचे कायद्याचे प्राध्यापक. सभागृहाची बाजू प्लास्केट यांनी मांडली, ज्या निर्णयात त्यांचा हात वर जाऊ शकला नव्हता त्याची.

जानेवारी 2025 मध्ये नवं सभागृह भरलं आणि सभापतींच्या निवडीसाठी एकेका सदस्याचं नाव पुकारलं गेलं. अमेरिकन सामोआ, गुआम, उत्तर मारियाना, पोर्तो रिको, व्हर्जिन आयलंड्स, वॉशिंग्टन, ही नावं पुकारलीच गेली नाहीत. प्लास्केट उभ्या राहिल्या आणि 40 लाख लोकांच्या प्रतिनिधींची नावं का घेतली नाहीत असं त्यांनी विचारलं. नियमानुसार या प्रतिनिधींना या मतदानाचा अधिकार नाही, असं उत्तर मिळालं. त्या पुढे बोलू लागल्या तेव्हा त्यांचा माइक बंद झाला.